ठेकेदार काम टाकून गेलाय, घर अर्धवट उभं आहे

कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या बाजूला घर बांधायला घेतलेल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या सांगण्यावरून नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्या आणि त्यांचे पती दोघंही नोकरी करतात. बँकेचं कर्ज काढून तळमजला आणि वरचा मजला मिळून १,००० चौरस फुटांचं घर त्यांनी मटेरियलसह १,९०० रुपये फुटाने, म्हणजे १९ लाखांना ठरवलं. ठेकेदार पतीच्या नात्यातला, म्हणून करारपत्र केलं नाही. वहीच्या एका पानावर दर, कामाची यादी आणि दोघांच्या सह्या आहेत. आजवर १२ लाख ४० हजार दिले, त्यातले ३ लाख रोख. खालचा स्लॅब पडला, खालच्या भिंती झाल्या, वरचे कॉलम उभे राहिले, सेंट्रिंग बांधायला घेतलं आणि जानेवारीच्या अखेरीस काम थांबलं. आधी ‘माणसं गावाला गेलीत’, मग ‘स्टील वाढलंय, परवडत नाही’, आता फोनच बंद. मध्ये बँकेचा एक हप्ता सहा आठवडे उशिरा आला होता आणि जिन्याची जागा ताईंनी बदलून घेतली होती, असंही त्यांनी ओघात लिहिलंय. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले, भाडं आणि हप्ता दोन्ही चालू आहेत. पती म्हणतात, नात्यातला आहे, गप्प बसू. सासरे म्हणतात, त्याच्या सेंट्रिंगच्या प्लेटा आणि मिक्सर आपल्या जागेत आहेत, विकून पैसे काढू. भाऊ म्हणतो, चारशेवीस लाव, नाहीतर थेट हायकोर्टात चल, आता ते कोल्हापुरातच आहे. ताई विचारतात: लेखी करार नसताना मला कायद्यात काही जागा आहे का? रेराकडे (बिल्डरांवरच्या नियामकाकडे) जाऊ का? आणि निकाल लागेपर्यंत घर तसंच ठेवावं लागेल का?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. निकाल लागेपर्यंत घर तसंच ठेवावं लागत नाही. उलट तसं ठेवलंत तर घराचं नुकसान होईल आणि तुमच्या दाव्याचंही. १८७२ च्या करार कायद्याचं ७३ वं कलम करार मोडणाऱ्याकडून भरपाई मिळवून देतं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे, की नुकसान आवरायचे जे मार्ग हाताशी होते तेही भरपाई ठरवताना विचारात घेतले जातील. दोन पावसाळे उघड्यावर गंजलेल्या सळ्यांचा खर्च तुम्ही त्याच्या अंगावर टाकायला गेलात, तर त्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, की मग तोपर्यंत तुम्ही काय करत होता?

याहून कामाची तरतूद १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्याचं २० वं कलम सांगतं, की एकाने काम टाकलं तर ते दुसऱ्याकडून पुरं करून घ्या आणि त्यापायी झालेला खर्च पहिल्याकडून वसूल करा. अट एकच, त्याआधी त्याला किमान ३० दिवसांची लेखी नोटीस दिलेली असली पाहिजे. ही अट चुकवणारी माणसं मी फार पाहिलीत. रागाच्या भरात दुसरा गवंडी आणतात, घर पुरं करतात आणि मग वकिलाकडे येतात. पहिल्याने किती काम केलं होतं हे दाखवायला तेव्हा काही उरलेलं नसतं, भिंतींवर गिलावा चढलेला असतो. म्हणून आधी पुरावा, मग नोटीस, तीस दिवस झाले की नवा ठेकेदार. खटला त्याच्या मागून येऊ दे.

पुराव्याचं काम याच आठवड्यात करा. तुमच्या ठेकेदाराशी संबंध नसलेला एखादा परवानाधारक इंजिनिअर किंवा शासनमान्य मूल्यांकनकर्ता जागेवर न्या. जायच्या दोन-तीन दिवस आधी ठेकेदाराला मेसेज टाका: ‘अमुक दिवशी इतक्या वाजता कामाची मोजमापं घेणार आहोत, हजर राहा.’ तो येणार नाही, पण बोलावलं होतं याची नोंद राहील. शेजारचे दोघं पंच म्हणून उभे करा. इंजिनिअरने नुसतं ‘साधारण पंचेचाळीस टक्के काम’ असं लिहून देऊ नये. कॉलमची मापं, प्रत्येकातल्या सळ्या किती आणि किती मिलीमीटरच्या, रिंगांमधलं अंतर, स्लॅबची जाडी, वीटकाम किती, काँक्रीटमध्ये कुठे खड्डे राहिलेत, सगळं टेप लावून, टेप दिसेल असे फोटो काढून. जागेवर पडलेल्या सामानाचीही यादी करा. अहवालात तीन आकडे मात्र हवेतच: झालेल्या कामाची ठरलेल्या दराने किंमत, सदोष काम दुरुस्त करायचा खर्च आणि उरलेल्या कामाचा आजचा खर्च. काँक्रीटबद्दल शंका असेल तर इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेकडून हॅमर टेस्ट (काँक्रीट न फोडता त्याची ताकद पाहायची चाचणी) करून घ्या.

त्याच दिवशी वरच्या कॉलमच्या उघड्या सळ्यांना सिमेंटची स्लरी मारून घ्या. पाऊस तोंडावर आहे आणि हे एका मिस्त्रीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता लेखी कराराचं. ‘करार नाही’ असं तुम्ही लिहिलंय, आणि पुढच्याच ओळीत वहीच्या पानावर दर, यादी आणि सह्या असल्याचंही लिहिलंय. ताई, करार आणखी काय असतो? तोंडी बोलीसुद्धा कायद्याने करारच असते, फक्त ती सिद्ध करायला त्रास पडतो. तुमच्याकडे ते पान आहे, बँकेतून गेलेले पैसे आहेत आणि व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः टाकलेले ‘स्टील वाढलंय’सारखे मेसेज आहेत. कर्जाचा प्रत्येक हप्ता सोडण्याआधी बँकेचा इंजिनिअर येऊन गेलाय. त्याच्या अहवालांच्या प्रती मागा, कोणत्या तारखेला काम कुठवर आलं होतं हे त्यात तिऱ्हाइताच्या हातचं लिहिलेलं असतं. ज्या कार्यालयाने बांधकाम परवाना दिला तिथे प्लिंथ (जोतं) तपासल्याची नोंद असेल, तीही काढा. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. वकील ते करून देतील, तुम्ही फोन जपा आणि चॅट पुसू नका.

रोख दिलेल्या ३ लाखांबद्दल तुम्ही घाबरून लिहिलंय. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोखीवर प्राप्तिकर कायद्याची जी बंदी आहे ती रक्कम स्वीकारणाऱ्यावर आहे, दंडही त्यालाच. ते पैसे लपवू नका. कोणत्या दिवशी बँकेतून काढले, वहीत त्याची सही कुठे आहे, देताना कोण हजर होतं, हे लिहून काढा.

एक अवघड गोष्ट विचारते, रागावू नका. ‘पळून गेला’ असं तुम्ही चार वेळा लिहिलंय. उद्या तो ग्राहक आयोगापुढे उभा राहून सांगेल, की मी पळालो नाही, यांनीच हप्ता सहा आठवडे थकवला आणि जिना बदलून जास्तीचं काम करायला लावलं. या दोन्ही गोष्टी तुमच्याच पत्रात आहेत. पण तेवढ्याने त्याचं काम टाकणं योग्य ठरत नाही. उशिरा का होईना, तुम्ही हप्ता दिलात, तो त्याने घेतला आणि त्यानंतरही काम केलं. स्टील महागलं हेही कारण होत नाही, मटेरियलसह दर ठरवला तेव्हा ती जोखीम त्यानेच घेतली होती. पण जिन्याच्या बदलाची किंमत इंजिनिअरकडून काढून घ्या आणि ती स्वतःहून हिशेबात धरा. त्याचं जे देणं लागतं ते आपण होऊन दाखवणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

हिशेब कसा मांडायचा ते उदाहरणाने सांगते, कारण इथे खूप जण चुकतात. समजा झालेल्या कामाची किंमत ठरलेल्या दराने ८ लाख ६० हजार निघाली आणि उरलेलं काम पुरं करायला नवा ठेकेदार १२ लाख ६० हजार मागतोय. तुम्ही १२ लाख ४० हजार दिलेत, म्हणजे मूळ बोलीत तुमच्याकडून ६ लाख ६० हजारच जायचे होते. आता जाणार १२ लाख ६० हजार. फरक ६ लाख, ही तुमची मुख्य मागणी. पुष्कळ जण जास्त गेलेले ३ लाख ८० हजार वेगळे मागतात आणि वर हे ६ लाखही मागतात. तसं करू नका, ते ३ लाख ८० हजार या ६ लाखांतच आहेत, उरलेले २ लाख २० हजार नव्या दराचा फरक आहे. त्यातून जिन्याचा खर्च वजा करा. मग घर मिळायला जितका उशीर झाला त्या काळाचं भाडं, सदोष काम दुरुस्तीचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळ्या ओळींत मांडा. भाड्याच्या पावत्या नसतील तर आतापासून घ्यायला लागा.

नोटीस वकिलामार्फत द्या, म्हणजे भाषा तोलून येते. काय ठरलं, किती दिलं, काम कधी थांबलं, मोजणीत काय निघालं आणि ३० दिवसांत काम सुरू केलं नाहीस तर दुसऱ्याकडून पुरं करून घेऊन फरक तुझ्याकडून वसूल करू, इतकं त्यात हवंच. पोचपावती मिळेल अशा टपालाने घरच्या आणि कामाच्या दोन्ही पत्त्यांवर पाठवा, व्हॉट्सॲपवरही टाका. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद जपून ठेवा, आयोगापुढे ते बंदच दाखवायचं असतं. आणि तीस दिवसांत तो खरंच परत आला तर? तर नव्याने लेखी करा: कोणतं काम कोणत्या तारखेला, आणि पैसे त्या-त्या टप्प्याचं काम मोजून झाल्यावरच. आगाऊ उचल एक रुपयाही नाही.

रेराचा विचार सोडून द्या. तो कायदा विकासकाकडून सदनिका किंवा प्लॉट घेणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावून बांधलेलं घर त्यात येत नाही. बिल्डरने इमारत अर्धवट टाकल्याचं ज्यांचं दुखणं आहे त्यांनी मात्र रेराकडे जरूर जावं.

तुमची जागा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतच घरबांधणीचा उल्लेख आहे, आणि ठेकेदाराने अर्ध्यात काम टाकणं ही सेवेतली त्रुटी. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. तुमच्या १२ लाख ४० हजारांवर शुल्क आहे फक्त ४०० रुपये. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे तो दुसऱ्या गावी जाऊन बसला तरी तुम्हाला तिकडे धावावं लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. पण मोजमापांचा वाद आहे म्हणून मी म्हणेन, लावा. स्त्री म्हणून तुम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्यात उत्पन्नाची अट नाही. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात जाऊन अर्ज करा.

मुदत दोन वर्षांची, काम टाकल्यापासून. नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही. तुमच्या बाबतीत जानेवारीअखेर ही तारीख धरून चाला, ‘शेवटचा फोन मेमध्ये झाला होता’ असल्या आधारावर राहू नका. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं मनात धरा. आदेश झाल्यावरही त्याने पैसे दिले नाहीत तर ७२ व्या कलमाखाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बरेच ठेकेदार या कलमापाशी येऊन तडजोडीला तयार होतात.

तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते. गवंडी आणि बिगारी रोजंदारीवर स्वतः लावून, रोज स्वतः काम सांगून बांधकाम करून घेतलं असेल तर ती व्यक्तिगत चाकरी धरली जाते आणि ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होऊ शकतो. आणि तळमजल्याला भाड्याने द्यायचे गाळे काढले असतील तर ‘हा व्यापारी हेतू आहे’ अशी हरकत येणार हे धरून ठेवा. अशांना दिवाणी दावा उरतो. त्याची मुदत तीन वर्षं, पण न्यायालयाची फी मागणीच्या रकमेवर लागते आणि वेळही जास्त जातो.

भावाला सांगा, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं ही आपल्या सगळ्यांच्या आनंदाची गोष्ट आहे, पण असा वाद थेट तिथे सुरू होत नाही. पोलिसांचंही सांगा. पूर्वीचं ४२० म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच, सुरुवातीपासून, फसवायचा हेतू होता हे दिसावं लागतं. ज्याने स्लॅब टाकला, भिंती बांधल्या, कॉलम उभे केले, त्याच्याबद्दल हे दाखवणं अवघड आहे, आणि ‘दिवाणी बाब आहे’ असं तुम्हाला ठाण्यावर ऐकावं लागेल. तसं सांगणाऱ्या पोलिसाचं यात चुकत नाही. मात्र तुमच्या पैशाने आलेलं सिमेंट-स्टील त्याने दुसऱ्या साइटवर नेलं असेल, खोटी बिलं दाखवून हप्ता काढला असेल, तर चित्र बदलतं. त्याचा काही पुरावा असेल तर वकिलाला दाखवा.

सासऱ्यांना प्लेटांना हात लावू देऊ नका. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू बहुतेक वेळा ठेकेदाराचेही नसतात, भाड्याने आणलेले असतात. विकलेत तर तिसऱ्याच माणसाचा माल विकल्यासारखं होईल आणि गुन्हा तुमच्यावर येईल. यादी करा, फोटो काढा, नोटिशीत ‘सामान मोजून, सही करून घेऊन जा’ असं लिहा. खरा मालक पावती घेऊन आला तर त्याच्याकडून पोच घेऊन सामान सोडा. सिमेंटवाला उधारी मागायला तुमच्या दारात आला तर त्याला सांगा, की माल ठेकेदाराने घेतलाय, बिल त्याच्या नावावर आहे. भीड पडून पैसे देऊ नका.

तुमच्या पतींचं म्हणणं मला कळतं. उद्या एखाद्या लग्नात समोरासमोर यायचं आहे. पण गप्प बसल्याने नातं वाचत नाही, दोन वर्षांची मुदत मात्र निघून जाते. नोटीस गेल्यावर दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसवायला काही हरकत नाही. तिथे ठरलं तर चहा पिऊन उठू नका. किती रक्कम, किती हप्ते, कोणत्या तारखांना, हे लिहा आणि विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीपुढे ठेवा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसतं. हप्त्यांसाठी चेक घेतलेत आणि एखादा परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, त्याला १५ दिवस द्यायचे आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करायची. यातला एक दिवसही चुकवायचा नाही.

तडजोड किती रकमेवर करायची हे ठरवायच्या आधी त्याच्या नावावर काय आहे ते पाहा. गावाकडचा सातबारा ऑनलाइन दिसतो, गाडी कोणाच्या नावावर आहे तेही नात्यातल्यांना ठाऊक असतं. नावावर जमीन असेल तर पूर्ण रकमेसाठी धीर धरा. काहीच नसेल तर सहा लाखांच्या आदेशापेक्षा आज हातात येणारे साडेतीन लाख मी घेईन, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

वहीचं ते पान आता प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. लॅमिनेट करू नका. पान वहीतून फाडूही नका, अख्खी वहीच जपा. सहीचा वाद निघाला तर तज्ज्ञाला मूळ कागद आणि मूळ शाई लागते, आणि आधीच्या-नंतरच्या पानांवरचे तुमचे रोजचे हिशेबही त्या पानाची तारीख सांगायला उपयोगी पडतात.